फँटसी बेसबॉल: ॲव्हरेज जाऊन ओबीपी आलंय, आता हिटरची यादी कशी लावू?

सातवी_इनिंग

लोकहो मदत करा. ऑफिसच्या फँटसी लीगचा (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा खेळ) ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडायचा दिवस, तोंडावर आलाय आणि माझी हिटरची यादी काही केल्या लागत नाहीये. याहूवर आहे, १२ टीम, रोटो (प्रत्येक कॅटेगरीत टीमचा क्रम लावून गुण), स्नेक ड्राफ्ट (दर फेरीत पिकचा क्रम उलटतो). लाइनअपमध्ये १० हिटर, म्हणजे एक कॅचर, चार इनफिल्डर, तीन आउटफिल्डर आणि दोन युटिल (तिथे कुठल्याही जागेचा हिटर चालतो). इतकी वर्षं रन, होम रन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आलेले रन), स्टील (चोरलेले बेस) आणि बॅटिंग ॲव्हरेज अशा पाच कॅटेगरी होत्या, यंदा आमच्या कमिशनरच्या अंगात आलं आणि त्याने ॲव्हरेज उडवून ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण) टाकलं. साइटवरची रँकिंग बघितली तर ती सगळी ॲव्हरेज धरूनच केलेली दिसतायत.

माझा पिक पाचवा आहे. माझे घोळ असे की श्वार्बर नक्की किती वर घ्यायचा, अराएझला काही किंमत राहिली का, एली डे ला क्रूझला स्टीलसाठी पहिल्या राउंडात घ्यावं का, आणि ६० होम रनवाला कॅल रॅली कॅचर म्हणून वर जातो की गेल्या वर्षीचा चमत्कार म्हणून सोडून द्यायचा. नुसती नावांची यादी देऊ नका, यादी लावायची कशी ते सांगा, म्हणजे ड्राफ्टच्या वेळी कोणीतरी मध्येच कोणाला उचललं तर माझी फजिती होणार नाही.

रोटोताई

चांगला प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर ओबीपी येणं ही तुझ्यासाठी लॉटरी आहे, कारण तुझ्या लीगमधले निम्मे लोक साइटची यादी उघडून वरून खाली पिक करत जाणार.

यादी लावताना विचारायचं एवढंच की हा माणूस माझ्या टीमला त्या पाच रकान्यांत किती पुढे नेतो, आणि तेही त्याच्याऐवजी जो शेवटच्या राउंडात किंवा वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्यांत) फुकटात मिळाला असता त्याच्या तुलनेत. तुमच्याकडे १२ टीम गुणिले १० म्हणजे १२० हिटर रोज खेळणार. एखादं प्रोजेक्शन (येत्या सीझनचा अंदाज) घे, स्टीमर किंवा झिप्स, दोन्ही फॅनग्राफ्सवर बघायला मिळतात, गेल्या वर्षीचे आकडे नको घेऊस. त्यातले वरचे १२० काढ, प्रत्येक रकान्याची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन एक्सेलमध्ये काढ, मग प्रत्येकाचा आकडा वजा सरासरी, भागिले डेव्हिएशन. झाला झेड स्कोअर. पाची रकान्यांची बेरीज केली की कच्ची यादी तयार.

फक्त ओबीपीला हे सरळ चालत नाही, कारण २०० वेळा बॅटिंगला येऊन .४०० करणारा आणि ७०० वेळा येऊन .४०० करणारा सारखे नाहीत. तिथे सरासरी हिटरपेक्षा हा किती वेळा जास्त बेसवर गेला ते मोजायचं आणि त्याचा झेड काढायचा. तुझेच दोघे घेऊन दाखवते, २०२५ चे आकडे आहेत, प्रोजेक्शन नाही, फक्त हिशोब कळावा म्हणून.

श्वार्बर ६०४ ॲट बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या वेळा) १४५ हिट, ॲव्हरेज .२४०. अराएझ ६२० मध्ये १८१, ॲव्हरेज .२९२. समजा तुमच्या १२० जणांची ॲव्हरेज .२६२ धरली, तर श्वार्बर सरासरीपेक्षा १३ हिटने मागे आणि अराएझ १९ हिटने पुढे. आता ओबीपी बघ. श्वार्बरचं .३६५, कारण त्याने १०८ वॉक (चार वाइड बॉलवर फुकट पहिला बेस) काढले, आणि अराएझचं .३२७, कारण तो वॉक घेतच नाही, दिसेल त्या बॉलला बॅट लावतो. सरासरी .३३० धरली तर श्वार्बर साधारण २५ वेळा जास्त बेसवर आणि अराएझ दोनेक वेळा कमी. म्हणजे ज्या रकान्यात अराएझची सगळी कमाई होती तिथेच तो आता शून्यावर आला, आणि ज्या रकान्यासाठी लोक श्वार्बरच्या नावाने नाक मुरडायचे तोच आता त्याच्या बाजूने बोलतोय. वर ५६ होम रन आणि १३२ आरबीआय आहेतच. अराएझचे होम रन ८. त्याला तुझ्या यादीतून सरळ काढून टाक, तीन वेळचा बॅटिंग चॅम्पियन असला तरी.

श्वार्बरला साइट जिथे दाखवते त्याच्या बऱ्यापैकी वर धर. जुआन सोटोलाही तेच, त्याचं ओबीपी .३९६ होतं आणि ॲव्हरेज फक्त .२६३.

घरचा_बेस

रोटोताईंशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर घालतो. तुझ्या यादीत श्वार्बर आठवा आला म्हणून त्याला आठवा घेऊ नकोस. यादी ही किंमत सांगते, कधी विकत घ्यायचं ते एडीपी (ड्राफ्टमध्ये तो सरासरी कितव्या नंबरला जातो) सांगतं. पाचव्या पिकनंतर तुझा पुढचा नंबर थेट विसावा आणि मग एकोणतिसावा. लोक त्याला कुठपर्यंत सोडतायत ते बघ, विसाव्यापर्यंत येत असेल तर पाचव्यावर त्याला घेणं म्हणजे हातातली नोट जाळणं.

आणि आमच्याकडे असाच बदल झाला तेव्हा पहिल्या वर्षी कोणीही यादी बदलली नव्हती, दुसऱ्या वर्षी सगळे शहाणे झाले. तेव्हा फायदा उपटायचा असेल तर याच वर्षी उपट.

हळूचोर

स्टीलबद्दल बोलतो कारण तिथे लोक अजून जुन्या हिशोबात अडकलेत.

२०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील झाले. २०२३ ला बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला, पिच क्लॉक (बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आलं, आणि पिचरला पिकऑफसाठी (बेसवरच्या रनरला आउट करायला फेकणं) थांबायची मुभा एका हिटरमागे दोनदाच ठेवली. तिसऱ्यांदा फेकायचं तर आउट करूनच दाखवायचा, नाहीतर रनरला बेस फुकट. त्या वर्षी स्टील झाले ३,५०३. म्हणजे हजारावर वाढ. आता रकान्यात सगळ्यांचेच आकडे फुगले की तुझ्या ३० स्टीलची किंमत आपोआप उतरते. पूर्वी एक पळणारा माणूस घेतला की त्या कॅटेगरीत अर्ध काम व्हायचं, आता तसं नाही. २०२३ चा एस्तेउरी रुइझ आठवा, ६७ स्टील करून अमेरिकन लीगमध्ये पहिला, आणि होम रन पाच. असा माणूस लाइनअपमध्ये ठेवायचा म्हणजे बाकी चार रकान्यांत तू नऊ हिटर घेऊन खेळतोयस.

दुसरं, स्टील आता नुसत्या पायांवर नाहीत. सोटो वेगात लीगच्या सरासरीच्याही खाली आहे, तरी २०२५ मध्ये ३८ स्टील केले, त्याआधी त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष १२ चं होतं. जॉश नेलर तर पहिल्या बेसवरचा जाडजूड गडी, लीगमधल्या सगळ्यात मंद पळणाऱ्यांमध्ये मोडतो, त्याने ३० केले. पिचरची लय वाचायची, तो बॉल सोडायच्या आधीच निघायचं, एवढ्यावर. त्यामुळे असे आकडे दर वर्षी येतीलच असं नाही, मनात आलं तर पळाला, गुडघा दुखला तर थांबला. सोटोला मी २० च्या आसपास धरतो, ३८ नाही, आणि २० धरूनही तो पहिल्या पाचात बसतो.

एलीचं म्हणशील तर २०२४ ला ६७ स्टील, २०२५ ला ३७. होम रन २५ आणि २२. ओबीपी गेल्या वर्षी .३३६, म्हणजे तुमच्या रकान्यात तो जेमतेम सरासरीचा. पाचव्या पिकवर मी नाही घेणार. तुझ्यापर्यंत बॉबी विट किंवा होसे रामिरेझ आला तर डोळे मिटून तो घे, रामिरेझ गेल्या दोन्ही वर्षी ३० च्या वर होम रन आणि ४० च्या वर स्टील असा… थांबा, २०२५ ला होम रन बरोबर ३० होते, स्टील ४४. असो, मुद्दा तोच.

सातवी_इनिंग

बाप रे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. एक्सेल उघडून बसलोय. रुइझचं उदाहरण जबरी आहे, माझ्या एका कलीगने त्याला तेव्हा घेतला होता आणि वर्षभर मिरवत होता, शेवटी आला दहावा.

रॅलीबद्दल कोणी बोललंच नाही पण? कॅचर म्हणून वर घ्यायचं हे मी सगळीकडे वाचतो पण किती वर ते कोणी सांगत नाही.

मास्क_आणि_मिट

रॅली माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

आधी ते ६० होम रन बाजूला ठेव. कॅचरचा विक्रम त्याआधी साल्वाडोर पेरेझचा ४८ चा होता, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांचा मिकी मँटलचा १९६१ पासूनचा ५४ चा, दोन्ही एकाच सीझनमध्ये मोडले. असं वर्ष परत येईल यावर पैसे लावायचे नसतात. टॉम टँगोची मार्सेल नावाची एक अगदी साधी पद्धत आहे, शेवटच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं. रॅलीचे होम रन २०२५ ला ६०, २०२४ ला ३४, २०२३ ला ३०. म्हणजे ३०० अधिक १३६ अधिक ९०, झाले ५२६, भागिले १२, आले ४४. खरं मार्सेल हे दर प्लेट अपिअरन्सवर (बॅटिंगला येण्याची प्रत्येक वेळ) करतात आणि मग लीगच्या सरासरीकडे थोडं ओढतात, वयाचाही हिशोब करतात, त्यामुळे तू ४० च्या आसपास धरून चाल.

आता हे ४० होम रन जर पहिल्या बेसवरच्या माणसाने मारले असते तर तो दुसऱ्या तिसऱ्या राउंडचा गडी. पण तुझ्या लीगमध्ये प्रत्येकाला एक कॅचर लावावाच लागतो. रोटोताईंनी जो हिशोब सांगितला त्यात शेवटची पायरी ही आहे की प्रत्येक जागेवरचा बारावा माणूस काढायचा आणि त्याचा झेड स्कोअर त्या जागेवरच्या सगळ्यांमधून वजा करायचा. आउटफिल्डमध्ये तीन जागा, म्हणून तिथे छत्तिसावा धरायचा, आणि तो माणूससुद्धा बरा असतो, बाराव्या कॅचरचा स्कोअर मात्र चांगलाच उणे असतो, आणि उणे वजा केलं की अधिक होतं. तिथे रॅली उडी मारून वर येतो.

त्यात कॅचर लोक आठवड्यातून एक दोन दिवस बसतात, गुडघ्यांचा प्रश्न असतो, आणि रॅली २०२५ ला १५९ मॅच खेळला कारण ज्या दिवशी मास्क नाही त्या दिवशी त्याला डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून उतरवायचे. क्रिकेटमध्ये कीपरच ओपनिंगला येऊन धावा करायला लागला की एक जास्तीचा बोलर खेळवता येतो ना, तसंच आहे हे, तुझी एक जागा मोकळी झाल्यासारखी होते. ओबीपीही .३५९ होतं, ॲव्हरेज .२४७ असून. म्हणजे ॲव्हरेजवाल्या लीगपेक्षा तुझ्याकडे तो जास्त भारी.

माझ्या हिशोबात तो दहा ते पंधराच्या मध्ये बसतो. पाचव्यावर नाही, विसाव्यापर्यंत टिकला तर सोडू नकोस. टिकणार नाही बहुतेक.

गणितद्वेष्टा

सगळं वाचलं. हिशोब चुकीचे नाहीत पण तुम्ही लोक दशांशाच्या पुढे जाऊन भांडताय. झेड स्कोअर ७.२ वाला आणि ६.९ वाला यात काहीही फरक नाही राव, प्रोजेक्शनच दहा होम रन इकडे तिकडे होतात. म्हणून मी नंबर लावतच नाही, टिअर, म्हणजे गट, करतो. जिथे स्कोअरमध्ये मोठी फट दिसते तिथे रेघ मारायची, रेघेच्या आतले सगळे सारखे. आपल्या नंबरावर एका टिअरमध्ये एकच माणूस उरला असेल तर तो उचलायचा, चार उरले असतील तर दुसरी जागा बघायची, त्यातला एखादा पुढच्या फेरीला मिळतोच. मधल्या राउंडात, म्हणजे सहाव्या सातव्यानंतर, यापेक्षा उपयोगी काही नाही, कारण तिथे घड्याळ चालू असतं आणि एक्सेलमध्ये खाली वर करत बसलं की ऑटो पिक होऊन भलताच गडी गळ्यात पडतो.

आणि एक गोष्ट एक्सेलमध्ये दिसत नाही, ती म्हणजे माणूस खेळणार किती. अकुन्या २०२३ मध्ये ४१ होम रन, ७३ स्टील, .३३७, पुढच्या वर्षी यादीत सगळ्यांच्या पहिला दुसरा, आणि मे महिन्यात गुडघा गेला. २०२५ ला परत आला, बॅट तशीच चालली, २१ होम रन मारले, स्टील मात्र ९. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस परत ७० वेळा पळेल हे धरून चालणारे अजून आहेत. त्याला होम रन आणि ओबीपीचा माणूस म्हणून घे, स्टील आले तर बोनस.

अजून एक बघत जा, बॅटिंग ऑर्डर. एक एक नंबर खाली गेलं की सीझनभरात साधारण १५ ते २० प्लेट अपिअरन्स कमी होतात. पहिला येणारा आणि सातवा येणारा यात शंभरेक वेळा बॅटिंगचा फरक पडतो, आणि तुमचे रन आरबीआय सगळे त्यावरच. दोन सारखे हिटर दिसले तर जो वरच्या नंबरवर येतो तो घ्यायचा. स्प्रिंग ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यातले लाइनअप बघ, तिथली ॲव्हरेज नको बघूस, ती कचरा असते.

नवखा_४२

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी लीग इएसपीएनवर पॉइंट्सची आहे, हीच यादी चालेल का? एली मला पहिल्या राउंडात सुचवतंय.

रोटोताई

@नवखा_४२ अजिबात नाही. इएसपीएनच्या नेहमीच्या पॉइंट्समध्ये टोटल बेसला (सिंगल एक, डबल दोन, होम रन चार) प्रत्येकी एक, रनला एक, आरबीआयला एक, वॉकला एक, स्टीलला एक आणि स्ट्राइकआउटला उणे एक असतो. आधी तुझ्या लीगची सेटिंग तपासून घे, बऱ्याच ठिकाणी बदललेली असते. पण हे धरलं तर बघ, बेसवर कोणी नसताना मारलेला एक होम रनसुद्धा चार टोटल बेस, एक रन, एक आरबीआय, म्हणजे सहा पॉइंट. स्टीलचा एक. एलीने २०२४ मध्ये ६७ स्टील केले ते ६७ पॉइंट, आणि त्याच वर्षी २१८ स्ट्राइकआउट, ते उणे २१८. तुझ्याकडे सोटो, रामिरेझ, व्लाडिमिर गरेरो ज्युनिअर असे बॅट लावणारे आणि वॉक घेणारे सोन्याचे. तुझ्याकडे झेड स्कोअर वगैरे काही नको, प्रोजेक्शन घे, गुणाकार कर, बेरीज कर, बारावा माणूस वजा कर. कॅटेगरीतलं कसलंही शहाणपण तिथे लागू पडत नाही.

@गणितद्वेष्टा टिअरचं मान्य, पण रेघ मारायला आधी आकडे लागतातच ना :) तुमचं नाव बदला.

गणितद्वेष्टा

आकडे लागतात, ते तुमच्यासारख्यांकडून ढापतो.

घरचा_बेस

स्टॅटकास्टबद्दल (बॉल किती जोरात मारला वगैरे मोजणारी यंत्रणा) कोणी काही बोललं नाही म्हणून थोडक्यात. ९५ मैलांच्या वर एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग), बॅरल (जोर आणि कोन दोन्ही जमलेला फटका), हे सगळं बघायला मजा येते पण वरच्या पन्नास जणांसाठी त्याचा फार उपयोग नाही, ते प्रोजेक्शनमध्ये बरंचसं आलेलं असतं. खालच्या राउंडात मात्र बघ, जिथे गेल्या वर्षी नशीब फुटकं होतं असा माणूस शोधायचाय. जोरात मारतोय, बॅरल भरपूर, पण बॉल थेट फिल्डरच्या हातात गेले आणि बीएबीआयपी (होम रन सोडून मैदानात मारलेल्या बॉलवरची ॲव्हरेज) .२५० वर आलंय, लीगचं ते .३०० च्या आगेमागे असताना. असे एक दोन शेवटी घेऊन ठेवायचे. उलट बीएबीआयपी .३७० वर नाचणारा आणि पायात वेग नसलेला दिसला तर दुसऱ्याला घेऊ दे.

सातवी_इनिंग

एक्सेल झालं. ओबीपीच्या बेरजेने जजचा आकडा इतका वर गेलाय की बाकीचे एकमेकांशी भांडतायत, गेल्या वर्षीचं .४५७ बघून प्रोजेक्शनवाल्यांनीही हात सैल सोडलेला दिसतोय. माझ्या वरच्या टिअरमध्ये जज, ओटानी, सोटो, विट, रामिरेझ. पाच जण आहेत आणि माझा पिक पाचवा, म्हणजे यातला एक नक्की मिळतो. दुसऱ्या फेरीत रॅली नाहीतर श्वार्बर, जो उरेल तो.

एकच शंका, ओटानीच उरला तर? तो पिचिंगही करतो, याहूवर त्याचं कसं धरायचं?

हळूचोर

याहूवर तो दोन वेगळे खेळाडू आहे, एक हिटर ओटानी आणि एक पिचर ओटानी, तू हिटर घेतलास तर पिचिंग दुसरा कोणी घेऊन जाऊ शकतो. तेव्हा यादीत फक्त बॅट मोज, ५५ होम रन आणि २० स्टील तेवढ्यावरही पहिल्या तिनात येतोच. पण तो फक्त युटिलला बसतो. तुमच्याकडे युटिल दोनच आहेत, आणि श्वार्बरही बहुतेक वेळ डीएचच असतो. याहू जागा द्यायला पाच स्टार्ट किंवा दहा मॅच बघतं, तर श्वार्बरला यंदा आउटफिल्ड दाखवतंय का ते ड्राफ्टच्या आधी स्वतः उघडून बघ. दाखवत नसेल आणि तू दोघांनाही घेतलंस तर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दोन्ही युटिल भरलेले, आणि बेंचवरचा कोणी पेटला तरी त्याला आत घ्यायचं तर त्याच्या जागेवरच्या माणसाला बसवावं लागेल. तसं असेल तर ओटानी मिळाल्यावर विसाव्या पिकला रॅलीच धर, तो गेला असेल तर त्या टिअरमधला आउटफिल्डर.